अभिजात नाटकांतला सूड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘हॅम्लेट’ अभ्यासक्रमाला असलेले विद्यार्थी, स्पर्धेसाठी संहिता शोधणारे नाट्यवेडे आणि एखादं जुनं नाटक वाचून अस्वस्थ झालेले वाचक यांच्याकडून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची ही उत्तरं. ग्रीक, रोमन, इंग्रजी आणि संस्कृत नाटकं इथे आली आहेत, पण जास्त जागा ‘हॅम्लेट’ आणि ‘ओरेस्टिया’ यांनी घेतली आहे, कारण सूड माणसाचं काय करून ठेवतो हे या दोन नाटकांइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. नाटकांचे शेवट इथे सांगून टाकले आहेत, हे आधीच सांगते.

सूडनाट्य नेमकं कशाला म्हणायचं? खून तर बहुतेक शोकांतिकांत असतातच.

एखाद्यावर मोठा अन्याय झाला आहे, दाद मागायला जागा नाही आणि परतफेड आपल्याच हाताने करायची असं त्याने ठरवलं आहे. नाटकातल्या सगळ्या महत्त्वाच्या घटना या ठरवण्यातून घडत असतील तर ते सूडनाट्य. या हिशेबाने ‘मॅकबेथ’ सूडनाट्य ठरत नाही. तिथलं मूळ दुखणं सत्तेच्या हावेचं आहे, मॅकडफचा सूड फार उशिरा येतो. ‘ऑथेल्लो’ मधोमध पडतं. यागोला बढती डावलल्याचा राग आहे खरा, पण त्याने धरलेला डूख त्या रागाच्या कितीतरी पुढे गेलेला आहे.

इंग्लंडमध्ये या प्रकाराचा साचा पक्का केला तो थॉमस किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ने. नाटक १५८०च्या दशकातलं. सूडासाठी ताटकळलेलं भूत, खरं किंवा सोंगाचं वेड, नाटकातलं नाटक, लांबत जाणारी संधी आणि शेवटी मंचावर प्रेतांची रास, हे सगळं तिथे आहे. ‘टायटस अँड्रॉनिकस’, ‘हॅम्लेट’ आणि १६०७ साली लेखकाच्या नावाशिवाय छापलेलं ‘द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी’ ही नाटकं त्याच वाटेने गेली. या सगळ्यांच्या मागे रोमन नाटककार सेनेका उभा आहे. त्याच्या नावावरच्या दहा नाटकांची इंग्रजी भाषांतरं १५८१ मध्ये एकत्र छापली गेली होती.

सूड घेणाऱ्यावर खरोखरच अन्याय झालेला असतो. मग त्याचा शेवट इतका वाईट का होतो?

अन्याय खरा असतो, हे आधी मान्य करायला हवं. चांगला नाटककार सूड घेणाऱ्याला खोटी तक्रार देत नाही. हॅम्लेटच्या बापाला खरोखर विष घातलेलं आहे. ‘ओरेस्टिया’तल्या क्लायटेम्नेस्ट्राच्या मुलीचा खरोखर बळी दिलेला आहे. युरिपिडीजच्या ग्रीक नाटकातल्या मीडियाला नवऱ्याने खरोखर टाकून दिलेलं आहे. प्रेक्षक म्हणून आपण त्यांच्या बाजूने उभे राहतो आणि ते बरोबरच आहे.

बिघडतं ते पुढे. ज्याच्यावर वार करायचा तो बलवान आहे, सावध आहे. त्याच्यापर्यंत पोचायचं तर खोटं बोलावं लागतं, सोंग घ्यावं लागतं, आपल्या माणसांचा वापर करावा लागतो, आणि या सगळ्याची सवय होते. ज्याच्या कृत्याची किळस येऊन हातात शस्त्र घेतलं, त्याच्याच रीतीभाती अंगात मुरतात. सेनेकाच्या ‘थायेस्टीज’मध्ये आट्रियस हे लपवतसुद्धा नाही. समोरच्याच्या गुन्ह्यावर मात केली नाही तर तो सूडच नव्हे, असं तो उघड म्हणतो. मग तो भावाची मुलं कापतो, शिजवतो आणि भावालाच जेवायला वाढतो. परतफेड बरोबरीची असावी ही कल्पना या नाटकांत टिकत नाही. प्रत्येक फेरीला काहीतरी वर चढवलं जातं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या नाटकांत सूडाची खरी किंमत मोजतात ती ज्यांचा त्या मूळ वैराशी काही संबंध नव्हता अशी माणसं.

‘हॅम्लेट’मध्ये नेमकं कोण कोण मरतं, आणि त्यांतले दोषी किती?

नाटक सुरू झाल्यावर आठ जण मरतात : दरबारातला मंत्री पोलोनियस, त्याची मुलगी ऑफेलिया आणि मुलगा लेआर्टिस, हॅम्लेटचे मित्र रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न, हॅम्लेटची आई गर्ट्रूड, बापानंतर राजा होऊन तिच्याशी लग्न केलेला काका क्लॉडियस आणि हॅम्लेट स्वतः. थोरल्या राजाच्या, म्हणजे हॅम्लेटच्या बापाच्या, खुनात हात होता तो एकट्या क्लॉडियसचा. राणी गर्ट्रूडला त्या खुनाची कल्पना होती असं नाटकात कुठेही दिसत नाही. १६०३ साली छापलेल्या पहिल्या प्रतीत तर ती शपथेवर सांगते की मला यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणजे एका दोषी माणसापायी सात जीव गेले, आणि तो दोषी माणूस पार शेवटच्या प्रवेशात मेला.

ऑफेलियाकडे बघा. अख्ख्या नाटकात तिच्यावर कोणाचा राग नाही, तिने कोणाचं काही वाकडं केलेलं नाही. बाप तिला पुढे करून हॅम्लेटची पारख करतो, हॅम्लेट वेडाच्या सोंगात तिला वाटेल तसं बोलतो, आणि मग त्याच हॅम्लेटच्या हातून तिचा बाप मरतो. सोंगाचं वेड त्याचं आणि खरं वेड तिच्या वाट्याला. फुलं वाटत, गाणी म्हणत ती फिरते आणि बुडून मरते. तिच्या पुरण्यावरूनही वाद होतो, आत्महत्येचा संशय म्हणून धर्मविधी अर्ध्यावर आटोपतात. सूडाच्या बेतात ती कुठेच नव्हती.

हॅम्लेट इतका वेळ का लावतो? बापाचं भूत भेटून त्याने खुनाची हकीकत सांगितल्यावर लगेच क्लॉडियसला मारला असता तर बाकीचे वाचले नसते का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. ‘हॅम्लेट म्हणजे निर्णय न घेता येणारा विचारी माणूस’ हे ठरलेलं उत्तरही सोबत येतं. ते अर्धवट आहे.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश बघू. क्लॉडियस एकटा आहे, गुडघे टेकून प्रार्थना करतोय, पाठ उघडी आहे. हॅम्लेट तलवार काढतो. आता त्याला कसलीच शंका राहिलेली नाही, कारण बापाच्या खुनासारखा प्रसंग दाखवणारं नाटक त्याने दरबारात करवलं आणि ते बघून राजा उठून गेला आहे. तरी तो थांबतो. दया येते म्हणून थांबला असता तर गोष्ट वेगळी होती. त्याचा विचार असा आहे : प्रार्थना करताना मारला तर याचा आत्मा स्वर्गात जाईल. त्यापेक्षा हा दारूच्या नशेत असेल, संतापात असेल, पाप करत असेल तेव्हा गाठू, म्हणजे थेट नरकात जाईल. राजाचा जीव घेऊन त्याचं समाधान होणार नाही, त्याला त्या माणसाचा परलोकही हवा आहे. अठराव्या शतकात सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज समीक्षकाला हे भाषण वाचवलं नाही, इतकं ते भयंकर वाटलं होतं. मला जॉन्सन इथे बरोबर वाटतो. हॅम्लेटवर प्रेम करणारे बरेच वाचक या ओळींवरून घाईने पुढे जातात, आणि तसं करू नये.

तो निघून जातो तेव्हा क्लॉडियस उठतो आणि म्हणतो की शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. त्याला प्रार्थना जमलेलीच नव्हती. हॅम्लेटने त्या क्षणी वार केला असता तर त्याला हवं होतं तेच घडलं असतं.

पुढच्याच प्रवेशात आईच्या दालनात पडद्यामागे हालचाल होते आणि हा ‘विचारी’ माणूस पडद्यातून आरपार तलवार खुपसतो. कोण आहे हेही बघत नाही. मरतो तो पोलोनियस. थंड डोक्याने हिशेब करताना हात थांबला आणि काही माहीत नसताना हात चालला. इथून पुढचे मृत्यू, ऑफेलियाचा, लेआर्टिसचा, गर्ट्रूडचा, या एका वारातून निघतात. तेव्हा उशीर झाला म्हणून सगळे मेले असं म्हणण्याआधी, उशीर कशासाठी केला ते पाहायला हवं. पुरेपूर सूड हवा होता म्हणून.

रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न यांचा मृत्यू इतका महत्त्वाचा आहे का? ती तर दुय्यम पात्रं आहेत.

माझ्या मते नाटकातला सगळ्यात अंगावर येणारा तपशील तिथेच दडलेला आहे. हे दोघे हॅम्लेटचे लहानपणचे मित्र. राजाच्या सांगण्यावरून ते त्याच्यावर नजर ठेवतात, म्हणजे लाचार आहेत, पण राजाचं जे पत्र घेऊन ते हॅम्लेटसोबत इंग्लंडला निघालेत त्यात हॅम्लेटच्या मृत्यूचा हुकूम आहे हे त्यांना ठाऊक असल्याचं नाटक सांगत नाही. हॅम्लेट रात्री जहाजावर ते पत्र चोरून वाचतो आणि दुसरं लिहितो : पत्र आणणाऱ्यांना तत्काळ ठार करा, पापाची कबुली द्यायलाही अवधी देऊ नका. त्यावर तो शिक्का मारतो बापाच्या मुद्रेचा.

आता पहिल्या अंकातलं भूत आठवा. भुताची सगळ्यात मोठी तक्रार काय होती? मला झोपेत मारलं, कबुली द्यायला, अंत्यसंस्कार घ्यायला वेळ दिला नाही, सगळी पापं डोक्यावर घेऊन मला जावं लागलं. बापावर जो अन्याय झाला म्हणून मुलगा सूडाला निघाला, तोच अन्याय त्याने बापाच्याच शिक्क्याने दोन मित्रांवर केला. विश्वासू मित्र होरेशियोला हे सांगताना तो म्हणतो की त्यांचं मरण माझ्या मनाला टोचत नाही.

लेआर्टिस आणि फॉर्टिनब्रास ही पात्रं कशासाठी आहेत?

एकाच संकटात सापडलेले तीन मुलगे शेजारी शेजारी उभे करायला. हॅम्लेटचा बाप मारला गेला, लेआर्टिसचा बाप हॅम्लेटने मारला, आणि नॉर्वेच्या फॉर्टिनब्रासचा बाप हॅम्लेटच्या बापाने द्वंद्वात मारला.

लेआर्टिस अजिबात वेळ लावत नाही. चर्चमध्येसुद्धा हॅम्लेटचा गळा कापीन असं तो म्हणतो, आणि त्याला उत्तेजन देणारा क्लॉडियस म्हणतो की सूडाला मर्यादा नसावी. खुनी माणसाच्या तोंडी हे वाक्य घालून शेक्सपिअरने आपलं मत जवळजवळ सांगून टाकलं आहे. लेआर्टिस तलवारीच्या टोकाला विष लावतो. झटापटीत तलवारींची अदलाबदल होते आणि तो आपल्याच विषाने मरतो. विलंब करणारा आणि घाई करणारा, दोघांचा शेवट एकाच खोलीत एकाच विषाने होतो. मरताना मात्र दोघं एकमेकांना माफ करतात. हॅम्लेटने आधीच होरेशियोजवळ म्हटलेलं असतं की माझ्या दुःखात मला त्याचं दुःख दिसतं. हे दिसायला इतकी माणसं जावी लागली.

फॉर्टिनब्रासही सुरुवातीला फौज जमवत असतो. काका समजावतो, तो डेन्मार्कवरची मोहीम सोडून देतो आणि फौज पोलंडकडे वळवतो. तो काही संत नाही, पोलंडमधल्या क्षुल्लक जमिनीसाठी हजारो सैनिक मरायला नेतो. पण बापाचा सूड सोडलेला तो एकटाच जिवंत उरतो, आणि डेन्मार्कचं सिंहासन त्याला न लढता मिळतं.

मूळ कथेतही सगळे मरतात का?

नाही. सुमारे १२०० साली सॅक्सो ग्रामॅटिकस या डॅनिश इतिहासकाराने लिहिलेल्या कथेत ॲमलेथ वेडाचं सोंग घेतो, दरबाऱ्यांना दारू पाजून वाड्याला आग लावतो, काकाला मारतो आणि राजा होतो. लोक त्याला डोक्यावर घेतात. यशस्वी सूडाची ही गोष्ट शेक्सपिअरच्या काळापर्यंत फ्रेंचमधून पोचलेली होती. तिचं ‘हॅम्लेट’ झालं तेव्हा तो विजय गेला आणि शेवटी मंचावर चार प्रेतं उरली.

ग्रीक नाटकांत सूडाची सुरुवात कुठून होते?

कुठूनच नाही, हीच ग्रीक नाटककार एस्किलसची पकड आहे. इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत त्याच्या ‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीला पहिलं बक्षीस मिळालं. पहिल्या नाटकात अगॅमेम्नॉन ट्रॉय जिंकून घरी येतो आणि बायको क्लायटेम्नेस्ट्रा त्याला न्हाणीत वस्त्रात गुंडाळून मारते. का? त्याने वाऱ्यासाठी, गलबतं निघावीत म्हणून, मुलगी इफिजेनिया हिचा बळी दिला होता. क्लायटेम्नेस्ट्राचा साथीदार एजिस्थस का सामील? अगॅमेम्नॉनच्या बापाने, म्हणजे वर आलेल्या त्याच आट्रियसने, एजिस्थसची भावंडं कापून त्याच्या बापाला खाऊ घातली होती. तेही एका जुन्या दगाबाजीपायी. मागे जावं तितकं आणखी मागचं काहीतरी निघतं. प्रत्येकाला वाटतं की आपण फक्त उत्तर देतोय, सुरुवात त्यांनी केली. गावाकडे बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भाऊबंदकी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या पहिल्या खुनातही एक निरपराध बळी आहेच. ट्रॉयहून बंदी करून आणलेली कॅसँड्रा. घर लुटलं गेलेली, गुलाम झालेली ही मुलगी दारात उभी राहून आत काय होणार ते सांगते आणि आत जाऊन मरते. तिचं या घराण्याशी काय देणं-घेणं होतं?

दुसऱ्या नाटकात मुलगा ओरेस्टिस आईला मारतो. तो धार्मिक आज्ञेने आला आहे ना? मग तो दोषी कसा?

त्याला अपोलोची आज्ञा आहे, आणि बापाच्या खुनाचा सूड घेणं हे मुलाचं कर्तव्य आहे. पण आईला मारणं हे महापापही आहे. सूडाचा धर्म शेवटी या कोंडीत आणून सोडतो. आई छाती उघडी करून म्हणते, या स्तनांचं दूध तू प्यायलास. ओरेस्टिसचा हात थांबतो आणि तो मित्राला विचारतो, काय करू? मित्र पायलेडीज नाटकभर गप्प आहे. इथे तो फक्त तीन ओळी बोलतो, देवाची आज्ञा आठवून देतो, आणि परत गप्प होतो. या तीन ओळींवर एका आईचं मरण ठरतं.

मग मंचावर जे दिसतं ते पहिल्या नाटकाची प्रतिकृती असते. तिथे क्लायटेम्नेस्ट्रा दोन प्रेतांजवळ उभी राहून आपलं कृत्य न्याय्य असल्याचं सांगत होती. इथे ओरेस्टिस दोन प्रेतांजवळ उभा राहून तेच सांगतो आणि बापाला ज्यात अडकवून मारलं ते रक्ताळलेलं वस्त्र उलगडून दाखवतो. ग्रीक नाटकात खून आत होतात, मागून चाकांच्या फळीवर प्रेतं बाहेर आणतात. तीच फळी, तीच मांडणी, माणूस फक्त बदललेला. बोलता बोलता त्याला सूडदेवता दिसू लागतात, ज्या इतर कोणाला दिसत नाहीत, आणि तो पळत सुटतो.

मग ही साखळी थांबते कशी?

न्यायालयाने. तिसऱ्या नाटकात ओरेस्टिस अथेन्सला येतो. शहराची देवी अथीना म्हणते की हा खटला एकट्या माणसाने ठरवण्याजोगा नाही आणि मीही एकटीने ठरवणार नाही. ती नागरिकांमधून न्यायाधीश निवडते आणि अॅरिओपॅगस टेकडीवर खुनाचा खटला चालतो. मतं समसमान पडतात, अथीनाचं मत ओरेस्टिसच्या बाजूने असतं, तो सुटतो.

बरेचजण इथेच थांबतात, पण नाटकाचा उरलेला मोठा भाग याच्या पुढे आहे. सूडदेवता चवताळतात, देश नापीक करून टाकू म्हणतात. अथीना त्यांना हाकलत नाही. ती समजूत घालते, पुन्हा पुन्हा घालते, शहरात जागा देते, मान देते. कारण त्यांच्या मागणीत खोटं काही नाही : रक्त सांडलं आहे आणि कोणीतरी जाब विचारलाच पाहिजे. मग त्याच देवता अथेन्सला आशीर्वाद देतात की नागरिकांचं रक्त पिऊन माती तहानेने पुन्हा रक्त मागणार नाही.

ही पोकळ शुभेच्छा नव्हती. इ.स.पू. ४६२ च्या सुमारास अथेन्सचा नेता एफिआल्टिस याने अॅरिओपॅगसच्या जुन्या सभेचे बरेचसे अधिकार काढून घेतले होते, खुनाचे खटले तेवढे तिच्याकडे ठेवले होते. लगेच त्याचाही खून झाला. समोर बसलेल्या प्रेक्षकांना ही घटना ताजी होती आणि शहरात यादवी पेटण्याची भीती होती.

न्यायालय आणि कायदा असतानाही सूड का घेतला जातो?

कारण न्यायाच्या खुर्चीवर कोण बसलं आहे यावर सगळं अवलंबून असतं. ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’चा नायक हिरोनिमो स्वतः राजाचा न्यायाधिकारी आहे. त्याच्या मुलाला रात्री बागेतल्या मांडवाला टांगून मारतात, आणि मारेकऱ्यांतला एक राजाचा पुतण्या आहे. इतरांना न्याय देणारा माणूस स्वतःच्या मुलासाठी दाद मागायला राजासमोर जातो आणि मधल्यामध्ये अडवला जातो. एक म्हातारा बाप आपल्या खून झालेल्या मुलाचा अर्ज घेऊन त्याच्याकडे येतो, तेव्हा त्याला त्या म्हाताऱ्यात स्वतःचा मुलगा दिसू लागतो. हा प्रवेश वाचताना गलबलून येतं.

मग तो दरबारात नाटक बसवतो, मारेकऱ्यांना त्यात भूमिका देतो आणि प्रयोगात खरे सुरे चालतात. बघणारे टाळ्या वाजवतात, त्यांना वाटतं अभिनय आहे. यानंतर तो स्वतःची जीभ तोडतो, आणि जाता जाता राजाच्या भावालाही मारतो. या भावाचा त्या खुनाशी संबंध नव्हता. न्यायाधिकाऱ्याच्या हातून निरपराध माणूस मेला, आणि हे किडने मुद्दाम केलं आहे असं मला वाटतं. सूड घेता घेता हिरोनिमोच्या हातून त्याची सगळ्यात मोलाची गोष्ट गेली : दोषी आणि निर्दोष वेगळे करण्याची नजर.

मीडिया स्वतःच्या मुलांना का मारते? राग तर नवऱ्यावर होता.

म्हणूनच. नवऱ्याला, जेसनला, मारलं तर त्याचं दुःख एका क्षणात संपेल. तो जगावा आणि त्याच्यापाशी काहीही उरू नये, असं तिला हवं आहे. नव्या नवरीला ती विषारी वस्त्र आणि मुकुट पाठवते, मुलीला मिठी मारणारा राजा क्रेऑनही त्यात मरतो. ती भेट घेऊन जातात तिची लहान मुलं. त्यानंतर ती त्या मुलांना मारते.

युरिपिडीजने तिला वेडी दाखवलेलं नाही, ही त्या नाटकाची धार. ती मुलांचे हात हातात घेते, त्यांच्या कातडीचा मऊपणा, त्यांचा श्वास याबद्दल बोलते, बेत रद्द करते, पुन्हा करते. मी काय करणार आहे ते मला कळतं, पण माझा संताप माझ्या विचारांहून मोठा आहे, असं ती स्वच्छ सांगते. इ.स.पू. ४३१ मध्ये या नाटकाला स्पर्धेत शेवटचा क्रमांक मिळाला होता. ती सूर्याच्या रथातून निसटते, तिला कोणी शिक्षा करत नाही. शिक्षा तिने आधीच स्वतःला करून घेतलेली आहे, आणि मुलांची प्रेतं त्या रथात तिच्यासोबतच आहेत.

युरिपिडीजचं ‘हेक्युबा’ही जरूर वाचावं. ट्रॉयची म्हातारी राणी मुलाच्या खुनाचा सूड म्हणून मारेकऱ्याचे डोळे फोडते आणि त्याच्या दोन लहान मुलांना मारते. तिची पुढे कुत्री होईल, असं भविष्य नाटकातच सांगितलं आहे.

संस्कृत नाटकांत सूडाला विध्वंसक मानलेलं दिसतं का? तिथे तर शेवट गोड असतो.

भट्टनारायणाचं ‘वेणीसंहार’ घ्या. द्रौपदीचे मोकळे केस दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी बांधीन ही भीमाची प्रतिज्ञा, आणि शेवटी ती पुरी होते. वर वर पाहता हा सूडाचा जयजयकार आहे. पण तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला रणांगणावर एक राक्षस जोडपं येतं. मेलेल्या वीरांची चरबी आणि रक्त साठवून ठेवणारं हे जोडपं एवढ्या मोठ्या युद्धात एकटंच खूश आहे. आणि सहाव्या अंकात भीम परत येतो तेव्हा इतका रक्ताने न्हालेला असतो की द्रौपदी घाबरून पळू लागते आणि युधिष्ठिर त्याला दुर्योधन समजून धरतो. त्याआधी भीम मेल्याच्या खोट्या बातमीने दोघं अग्निप्रवेशाच्या तयारीत असतात. सूड पूर्ण करून आलेला भाऊ सख्ख्या भावाला शत्रू वाटतो. नाटक पुढे आनंदात संपतं, पण हा क्षण लिहिणाऱ्या कवीला सूडाचं रूप पुरतं दिसलेलं होतं.

भासाचं ‘ऊरुभंग’ मला याहून मोठं वाटतं. हे एकांकी नाटक १९१२ मध्ये टी. गणपतिशास्त्री यांनी प्रसिद्ध केलं. मांड्या मोडलेला दुर्योधन जमिनीवर पडलाय. छोटा मुलगा दुर्जय धावत येतो आणि नेहमीसारखा मांडीवर बसायला बघतो. मांडी आता मुलाला घेऊ शकत नाही. चिडलेल्या बलरामाला दुर्योधनच शांत करतो, वैर सोडून देतो, मुलाला पांडवांशी आदराने वागायला सांगतो. ज्याच्यासाठी सूड घ्यायचा तोच नको म्हणतो. तरी अश्वत्थामा ऐकत नाही, रात्रीच्या हल्ल्याची प्रतिज्ञा करतो. झोपलेल्या माणसांवरचा तो हल्ला महाभारत वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मग प्रेक्षक सूडनाट्यं इतक्या आवडीने का बघतात?

कारण सूडाची इच्छा आपल्या सगळ्यांना ओळखीची आहे. फ्रान्सिस बेकनने १६२५ मधल्या निबंधात सूडाला रानटी न्याय म्हटलं, म्हणजे न्यायाचा अंश त्यानेही नाकारला नाही. एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये खासगी सूड कायद्याने आणि धर्माने निषिद्ध होता, पण १५८४ मध्ये राणीचा खून झालाच तर मारेकऱ्यांचा सूड घेऊ अशा शपथनाम्यावर बड्या बड्या लोकांनी सह्या केल्या होत्या. प्रेक्षक मनाने दोन्हीकडे होता. नाटककार आधी आपल्याला सूड घेणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभं करतो, आपण मनातल्या मनात ‘मार’ म्हणतो, आणि मग जे पडतं ते ऑफेलियाचं प्रेत असतं.

मराठी रंगभूमीवर ही नाटकं आली का?

फार लवकर आली. गोपाळ गणेश आगरकरांचं ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चं भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालं. कोल्हापूर प्रकरणात टिळकांसोबत डोंगरीच्या तुरुंगात असताना त्यांनी ते हाती घेतलं होतं. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी यांनी हॅम्लेटची भूमिका गाजवली. देवलांचं ‘झुंजारराव’ म्हणजे ‘ऑथेल्लो’. अलीकडे, २०१८ मध्ये, नाना जोगांच्या भाषांतरावरून चंद्रकांत कुलकर्णी यांनी सुमीत राघवनला घेऊन ‘हॅम्लेट’ उभं केलं.

खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’बद्दलही विचारलं जातं, कारण तिथे सूड सरळ योग्य ठरतो. १९०७ चं हे नाटक पारतंत्र्यावर लिहिलेलं होतं, कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. दाद मागायला जागाच नसलेल्या समाजाचं ते नाटक आहे. त्याला ‘हॅम्लेट’च्या मापाने मोजू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. भीमाच्या हातून तिथे निरपराध कोणी मरताना आपण पाहत नाही, त्यामुळे आपल्या मनातला प्रश्न तिथे उभाच राहत नाही.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

‘ऊरुभंग’पासून. तास-दीड तासात वाचून होतं. मग ‘मीडिया’, मग ‘हॅम्लेट’. ‘ओरेस्टिया’ला घाई करू नका. पहिल्या नाटकातली वृद्धांच्या कोरसची गाणी जड जातात, पण ती गाळलीत तर इफिजेनियाचा बळीच गाळला जाईल. तिच्या तोंडात बोळा कोंबून तिला वेदीवर उचलून धरल्याचं वर्णन त्या गाण्यातच आहे. ‘टायटस अँड्रॉनिकस’ शेवटी ठेवा, ते फार रक्तबंबाळ आहे आणि बाकीची नाटकं वाचून झाल्यावरच त्यातलं काय घ्यायचं ते कळतं. गटाने वाचणार असाल तर ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकातला प्रार्थनेचा प्रवेश आणि त्याच्या पुढचा आईच्या दालनातला प्रवेश मध्ये न थांबता सलग मोठ्याने वाचा, आणि पोलोनियसचे संवाद वाचणाऱ्याला दोन्ही प्रवेश संपेपर्यंत उठू देऊ नका.